युद्धवार्तांकनातून मानवाधिकार संशोधनाकडे वळताना

युद्धक्षेत्रांतून वर्षानुवर्षे बातम्या पाठवणाऱ्या परराष्ट्र वार्ताहरांपैकी काही जण एका टप्प्यावर मानवाधिकार संशोधनाकडे वळतात, आणि ही वाट आता नवी राहिलेली नाही. मीनाक्षी गांगुली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या दक्षिण आशियातील वार्ताहर होत्या, नंतर त्या ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्थेत गेल्या. लेटा टेलर ‘न्यूजडे’च्या परराष्ट्र प्रतिनिधी होत्या आणि त्यांनीही तीच संस्था निवडली. कोरीन डुफ्का रॉयटर्ससाठी एल साल्वाडोर, बोस्निया आणि आफ्रिकेतील युद्धांची छायाचित्रे काढत असत; १९९९ पासून त्यांनी सिएरा लिओनमध्ये साक्षी नोंदवण्याचे काम हाती घेतले आणि पुढे काही काळ युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या तिथल्या विशेष न्यायालयासाठी तपासही केला. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या अनुभवी वार्ताहराने कोणती तयारी करावी, कोणत्या सवयी मोडाव्यात आणि कामाला प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. धोक्याच्या ठिकाणी पोचणे, अनोळखी माणसाचा विश्वास मिळवणे, अधिकाऱ्याचा खोटेपणा ओळखणे, थोड्या वेळात पुष्कळ लिहिणे ही वार्ताहराची कौशल्ये नव्या कामातही लागतात. पण काम बदलते ते त्या कौशल्यांच्या वापरात. वार्ताहर ‘काय घडले’ हे सांगतो आणि त्याची जबाबदारी प्रामुख्याने वाचकाशी असते. संशोधकाला काय घडले याच्या जोडीने कोणता नियम मोडला गेला, कोणी मोडला, हे आपल्याला कशावरून कळले आणि आता कोणी काय करायला हवे, एवढे सगळे सांगावे लागते; आणि त्याची पहिली जबाबदारी ज्या माणसाने साक्ष दिली त्याच्याशी असते. जबाबदारीतला हा दुसरा बदल पहिल्यापेक्षा अवघड आहे, असे माझे मत आहे, आणि म्हणून या लेखाचा बराचसा भाग साक्षीविषयी आहे.

आधी कायदा

कायद्याची पदवी अनिवार्य नाही, पण कायद्याचे वाचन अनिवार्य आहे. १९४९ चे चार जिनिव्हा करार, त्यांतील सर्वांना समान असलेला तिसरा अनुच्छेद, १९७७ चे त्यांचे दोन अतिरिक्त प्रोटोकॉल (पूरक करार) आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या स्थापनेसाठी १९९८ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या रोम संहितेचे सहा ते आठ हे अनुच्छेद, ज्यांत वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांच्या व्याख्या आहेत, एवढे मूळ स्वरूपात वाचावे; त्यांवरची टिपणे नंतर वाचावीत. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २००५ मध्ये रूढीने बंधनकारक ठरलेल्या १६१ नियमांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो तर टेबलावर कायम असावा, कारण काही देशांनी अतिरिक्त प्रोटोकॉल स्वीकारलेले नसले तरी त्यांतील बरेच नियम रूढीमुळे त्यांना लागू होतात. बिगरसरकारी सशस्त्र गटांनाही युद्धाचे नियम लागू असतात, हे या वाचनातून लवकर लक्षात येते आणि ते लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे. केवळ एका बाजूचे अत्याचार मोजणाऱ्या संशोधकावर कोणीही विश्वास ठेवत नाही.

वार्ताहराला सर्वांत जड जाणारी गोष्ट अशी की नागरिकांचा मृत्यू हा प्रत्येक वेळी नियमभंग नसतो. लष्करी लक्ष्यावर केलेल्या हल्ल्यात नागरिक मेले, तर हल्ल्यापूर्वी अपेक्षित असलेल्या लष्करी फायद्याच्या मानाने ती हानी बेसुमार ठरणारी होती का आणि शक्य ती खबरदारी घेतली होती का, हे पाहावे लागते. उलट एकही माणूस मेला नाही तरी हल्ला बेकायदा असू शकतो. बातमीत मृतांचा आकडा मथळ्यात जातो. संशोधनात तो आकडा अनेक वस्तुस्थितींपैकी एक असतो.

अफगाणिस्तानातील कुंदूझचे उदाहरण घ्या. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी पहाटे अमेरिकेच्या एसी-१३० विमानाने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या रुग्णालयावर सुमारे तासभर मारा केला आणि त्यात ४२ जण मरण पावले. वार्ताहराच्या दृष्टीने एवढ्यात बातमी पूर्ण होते. संशोधकाची प्रश्नावली इथून सुरू होते. त्या वेळी इमारतीत रुग्णालयाचे काम चालू होते का? आतून कोणी गोळीबार करत होते का? केला असता तरी मारा करण्यापूर्वी इशारा देणे बंधनकारक होते. तो दिला होता का? रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश लष्कराला कळवले होते का? ते २९ सप्टेंबरला, म्हणजे चारच दिवस आधी, कळवले होते. मारा चालू असताना संस्थेने लष्कराशी संपर्क साधला का, आणि त्यानंतर तो किती वेळाने थांबला? एप्रिल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी लष्कराच्या चौकशीत लक्ष्य चुकीचे ओळखले गेल्याचा निष्कर्ष काढला गेला, १६ जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि रुग्णालयावर मारा करण्याचा हेतू नसल्याने हा युद्धगुन्हा नव्हे असे सांगितले गेले. हेतू नसला तरी धोका दिसत असताना केलेला बेपर्वा मारा युद्धगुन्हा ठरू शकतो का, हा प्रश्न त्यानंतरही उरतो, आणि तो नेमकेपणाने मांडता येण्यासाठी कायदा वाचलेला असावा लागतो.

साक्ष नोंदवणे

वार्ताहर मुलाखत घेतो तेव्हा त्याला बोलके वाक्य हवे असते. संशोधकाला सलग, तपशीलवार आणि तपासून पाहता येईल असा वृत्तांत हवा असतो. एकेका साक्षीला दोन-तीन तास लागणे नेहमीचे आहे, आणि तेवढा वेळ नसेल तर साक्ष सुरूच करू नये.

पद्धत साधारण अशी असते. जागा अशी निवडावी की बोलणे तिसऱ्या माणसाला ऐकू येणार नाही. छावणीच्या तंबूत शेजारी, नातेवाईक आणि छावणीचा म्होरक्या गोळा झालेले असताना घेतलेली साक्ष प्रत्यक्षात त्या समूहाची असते. आपण कोण, कोणत्या संस्थेचे, माहितीचे काय करणार, कोणाला देणार आणि काय करू शकत नाही, हे आधी सांगावे. काय करू शकत नाही हे सांगताना घाई करू नये. साक्षीच्या बदल्यात पैसे, निवारा, व्हिसा किंवा न्याय यांपैकी काहीही मिळणार नाही, हे त्या माणसाला खरोखर कळले आहे याची खात्री त्याच्याच शब्दांत परत वदवून घेऊन करावी. नाव छापायचे का, आवाज ध्वनिमुद्रित करायचा का, न्यायालयाने किंवा चौकशी आयोगाने मागितल्यास माहिती द्यायची का, या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी संमती घ्यावी. केव्हाही थांबता येईल आणि नंतर संमती मागेही घेता येईल, हेही सांगावे.

मग मोकळा प्रश्न विचारावा: ‘त्या दिवशी काय झाले ते तुमच्या पद्धतीने सांगा.’ आणि मध्ये बोलू नये. तपशिलाचे प्रश्न पूर्ण कथन ऐकून झाल्यावर विचारायचे असतात. समजा, एका गावच्या बाजारावर मारा झाला आहे आणि एक स्त्री सांगते, ‘विमान आले आणि बॉम्ब टाकून गेले.’ वार्ताहराच्या वहीत हे वाक्य अवतरणचिन्हांत जाईल. संशोधकाने विचारायचे, ‘विमान तुम्हाला दिसले का?’ पुष्कळदा उत्तर येते, ‘दिसले नाही, आवाज आला.’ कसला आवाज होता, स्फोटाच्या किती आधी आला, एका दिशेने येऊन दुसरीकडे गेला की डोक्यावर घिरट्या घालत राहिला, एक स्फोट झाला की पाठोपाठ अनेक झाले? ती त्या वेळी कुठे उभी होती, तोंड कोणत्या बाजूला होते, मध्ये भिंत होती का? विमानच होते हे कशावरून ठरवले? ‘दीर म्हणाले.’ म्हणजे विमानाविषयीची माहिती ऐकीव आहे आणि आता दिराशी वेगळे बोलायला हवे. पण आवाज, वेळ आणि जखमींची अवस्था याविषयी ती प्रत्यक्ष साक्षीदार आहे आणि तिच्या साक्षीचा तो भाग भक्कम आहे. घड्याळ बहुधा कोणी पाहिलेले नसते, परंतु शाळा सुटली होती की नाही, वीज होती की गेली होती, सावली दारात आली होती की अंगणात होती, हे लोकांना आठवते, आणि त्यावरून वेळ बरीच जवळ आणता येते. कागद आणि पेन्सिल देऊन त्या जागेचा नकाशा काढायला सांगावे. दोन साक्षीदारांनी एकमेकांच्या नकळत काढलेल्या नकाशांत विहीर एकाच जागी आली, तर तेवढ्या बाबतीत तरी दोन्ही साक्षींना एकमेकींचा आधार मिळतो.

सूचक प्रश्न ही वार्ताहराची जुनी सवय असते, कारण वेळ कमी असतो. ‘सैनिकांनी गोळ्या घातल्या का?’ असे न विचारता ‘मग काय झाले?’ असे विचारावे. साक्षीदाराने ‘सैनिक’ म्हटले, तर ते सैनिक आहेत हे कशावरून ओळखले ते विचारावे: गणवेशाचा रंग, दंडावरचे चिन्ह, वाहनाचा प्रकार, बोलण्याची भाषा, त्यांनी एकमेकांना मारलेल्या हाका. आज्ञा कोण देत होते आणि बाकीचे कोणाचे ऐकत होते, हा प्रश्न तर कधीही विसरू नये. बातमीत अत्याचार करणारा हात दिसला की पुरेसे असते. जबाबदारी निश्चित करायची तर त्या हातामागची साखळी दिसावी लागते, आणि तिचे दुवे बहुतेक वेळा अशाच लहान तपशिलांत सापडतात.

दुभाष्याला आधी वेळ देऊन बसवावे. त्याने प्रथमपुरुषी भाषांतर करावे, सारांश सांगू नये, साक्षीदार अडखळला तर ते अडखळणेही कळवावे आणि स्वतःहून सांत्वन किंवा उलटतपासणी करू नये. तो कोणत्या समाजाचा, कोणत्या बोलीचा, स्त्री की पुरुष, यावर साक्षीदार किती मोकळे बोलेल हे अवलंबून असते. साक्ष संपवताना माणसाला त्या दिवसातून आजच्या दिवसात आणावे. आता कुठे राहता, सोबत कोण आहे, रात्री परत जाताना काही अडचण येईल का, अशा बोलण्यावर थांबावे.

कोणाला विचारू नये

हा भाग पत्रकारितेत जवळजवळ शिकवला जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकमधील सिंजारवर ‘इस्लामिक स्टेट’ने हल्ला केल्यानंतर सुटून आलेल्या यझिदी या धार्मिक अल्पसंख्याक समाजातील स्त्रियांना पत्रकार, संस्था आणि तपासनीस यांनी तेच ते प्रश्न पुनःपुन्हा विचारले. त्याची हानी दुहेरी झाली: त्या स्त्रियांना तो प्रसंग पुन्हा पुन्हा जगावा लागला आणि प्रत्येक नव्या कथनात तपशील थोडे वेगळे आल्याने बचाव पक्षाच्या वकिलांना विसंगती दाखवण्याची सोय झाली. या अनुभवांतून धडा घेऊन २०२२ मध्ये लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांकडून माहिती कशी घ्यावी याची ‘मुराद संहिता’ जाहीर झाली, जी नोबेल पुरस्कार मिळवणाऱ्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे अभियोक्ता कार्यालय आणि ‘युरोजस्ट’ ही युरोपीय संघाची न्यायिक सहकार्य संस्था यांनी नागरी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख असा आहे की लहान मुले आणि लैंगिक अत्याचाराचे बळी यांच्या सविस्तर साक्षी शक्यतो घेऊच नयेत. ते कोण आहेत, कोणत्या प्रकारची माहिती देऊ शकतात आणि पुढे त्यांच्याशी संपर्क कसा साधता येईल, एवढेच नोंदवावे आणि बाकीचे काम प्रशिक्षित तपासनीसांवर सोडावे.

म्हणून प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: हीच माहिती दुसरीकडून मिळेल का, या माणसाला आधी कोणी विचारले आहे का, आणि तो कोलमडला तर त्याला आज संध्याकाळी कोणाकडे नेता येईल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर साक्ष कितीही महत्त्वाची असो, ती घेऊ नये. छळाच्या साक्षींसाठी ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ आणि संशयास्पद मृत्यूंसाठी ‘मिनेसोटा प्रोटोकॉल’ हे संयुक्त राष्ट्रांचे दस्तऐवज आहेत. पहिला २०२२ मध्ये, दुसरा २०१६ मध्ये सुधारला गेला. डॉक्टरांसाठी आणि तपासनीसांसाठी लिहिलेले असले तरी व्रणाची नोंद कशी करावी, मृतदेहाजवळ काय हलवू नये, हे वार्ताहराला त्यांतून कळते.

गुप्ततेचे वचन किती खरे?

‘तुमचे नाव कोणालाही कळणार नाही’ हे वाक्य वार्ताहर सहज बोलून जातो. संशोधकाने ते इतके सहज बोलू नये. जोनाथन रँडल यांनी १९९३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी बोस्नियातील सर्ब नेते रादोस्लाव्ह ब्रजानिन यांची मुलाखत घेतली होती. माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ब्रजानिन यांच्या खटल्यात रँडल यांना साक्षीसाठी समन्स काढले तेव्हा रँडल यांनी नकार दिला. अपील कक्षाने डिसेंबर २००२ मध्ये ठरवले की युद्धवार्ताहराला साक्षीची सक्ती तेव्हाच करता येईल, जेव्हा ती साक्ष खटल्यातील मूळ मुद्द्यासाठी थेट आणि महत्त्वाची असेल आणि तो पुरावा दुसरीकडून मिळणे शक्य नसेल. ‘गार्डियन’चे एड व्हलियामी यांनी मात्र ऑगस्ट १९९२ मध्ये बोस्नियातील ओमार्स्का येथील सर्बांची बंदिछावणी पाहिली होती आणि त्यांनी त्याच न्यायाधिकरणासमोर स्वेच्छेने साक्ष दिली. हा वाद पत्रकारितेत अजून संपलेला नाही, आणि दोघांची बाजू गंभीरपणे समजून घ्यावी अशीच आहे.

संशोधकाला मिळणारे संरक्षण वेगळे आहे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीला साक्ष न देण्याचा जवळजवळ पूर्ण अधिकार १९९९ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने मान्य केला. सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाच्या अपील कक्षाने मे २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका मानवाधिकार अधिकाऱ्याला आपले सूत्र उघड करण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरवले. स्वतंत्र संस्थेच्या संशोधकाला हे संरक्षण प्रत्येक देशातील न्यायालयात मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे ‘तुमचे नाव आम्ही अहवालात छापणार नाही, ते वेगळे ठेवू आणि तुमच्या परवानगीशिवाय कोणाला देणार नाही, पण न्यायालयाने सक्ती केली तर काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही’ असे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. हे ऐकून कोणी उठून गेले, तर जाऊ द्यावे.

जुन्या वह्यांचा प्रश्नही इथेच येतो. वार्ताहर असताना लोकांनी जे सांगितले ते बातमीसाठी सांगितले होते. ती नावे, दूरध्वनी क्रमांक आणि ध्वनिमुद्रणे नव्या संस्थेच्या संग्रहात परस्पर टाकणे चुकीचे आहे. त्या माणसांना पुन्हा भेटून नवी संमती घ्यावी, आणि ती सामग्री वृत्तसंस्थेच्या मालकीची असल्यास तिचीही परवानगी घ्यावी.

पडताळणी

१० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी काँग्रेसमधील मानवाधिकारविषयक गटासमोर एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने सांगितले की इराकी सैनिकांनी रुग्णालयातील अर्भकांना इनक्युबेटरमधून काढून थंड फरशीवर मरायला टाकले. डिसेंबरमध्ये ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’च्या अहवालात अशा तीनशेहून अधिक अर्भकांचा उल्लेख आला. युद्ध संपल्यावर संस्थेचे पथक कुवेतमध्ये गेले, त्याला या आरोपाचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही आणि संस्थेने १९९१ मध्ये तो दावा मागे घेतला. ती मुलगी अमेरिकेतील कुवेतच्या राजदूतांची कन्या होती, हे १९९२ मध्ये उघड झाले. इराकी फौजांनी कुवेतमध्ये केलेले खरे अत्याचार कमी नव्हते. एका न तपासलेल्या आकड्यामुळे त्या खऱ्या अत्याचारांविषयीही लोकांच्या मनात शंका निर्माण झाली, आणि म्हणूनच प्रत्येक नव्या संशोधकाने हे प्रकरण अभ्यासावे असे मला मनापासून वाटते.

यातून निघणारी कार्यपद्धती अशी: प्रत्येक दाव्यासमोर तो कोणी सांगितला, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, सांगण्यात त्याचा काही स्वार्थ आहे का आणि दुसऱ्या कोणत्या स्वतंत्र मार्गाने तो जुळतो, हे लिहावे. एकाच माणसाकडून ऐकलेल्या पाच जणांच्या साक्षी ही पाच साक्षींची नव्हे, एकाच साक्षीची नोंद असते. मृतांची संख्या नेहमी नावांवरून बांधावी: नाव, वय, कोणाचा कोण, कुठे पुरले, कोणी पुरले. दोन आकडे भिन्न असतील तर त्यांची सरासरी काढू नये. फरक का पडला ते शोधावे आणि तोपर्यंत ‘किमान’ हा शब्द वापरून फक्त नावानिशी पटलेले मृत्यू मोजावेत.

आपल्या निष्कर्षाला छेद देणारी माहिती मुद्दाम शोधणे हाही पडताळणीचाच भाग आहे. वरच्या उदाहरणातील बाजारात सशस्त्र लोक होते का, जवळ शस्त्रसाठा किंवा तपासणी नाका होता का, हे गावकऱ्यांना विचारताना संकोच वाटतो. पण ते विचारले नाही तर आरोपी पक्ष अहवाल प्रसिद्ध झाल्यावर पहिला प्रश्न तोच विचारेल. घटनास्थळी गेल्यास खड्ड्याचे आणि तुकड्यांचे चारही बाजूंनी, शेजारी मापपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, खुणा आणि क्रमांक वाचता येतील अशी जवळून एक प्रतिमा घ्यावी, आणि कशालाही हात लावू नये. न फुटलेला दारूगोळा हे त्याचे एक कारण आहे. दुसरे असे की हलवलेल्या वस्तूचे पुराव्याचे मोल बरेचसे संपते.

पडद्यावर दिसणाऱ्या पुराव्याचे नियमही असेच कडक झाले आहेत. १५ ऑगस्ट २०१७ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील लष्करी कमांडर महमूद अल-वेरफल्ली यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले, तेव्हा हत्यांच्या सात घटनांबाबत समाजमाध्यमांवरील चित्रफितींचा आधार घेतला होता. त्याच वर्षी यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने सीरियातील युद्धाच्या असंख्य चित्रफिती काढून टाकल्या. म्हणून चित्रफीत दिसताच मूळ दुवा, खाते, दिनांक आणि वेळ यांच्यासह ती जतन करावी, जतन केलेल्या फाइलचा हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारी अंकीय खूण) काढून ठेवावा आणि नंतर काम त्या फाइलच्या प्रतीवर करावे. मग मिनार, डोंगराची कड, विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या उपग्रहचित्रांशी ताडून जागा ठरवावी आणि सावलीवरून वेळ अजमावावी. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी २०२० मध्ये जाहीर केलेला ‘बर्कली प्रोटोकॉल’ या कामाचा पाया मानला जातो.

प्रवेश आणि स्थानिक सहकारी

पत्रकाराच्या व्हिसावर मानवाधिकार संशोधन करू नये. त्यामुळे स्वतःवर संकट येतेच; त्याहून वाईट म्हणजे त्या देशातील खऱ्या पत्रकारांवर हेरगिरीचा संशय येतो. अनेक सरकारे संशोधकाला व्हिसाच देत नाहीत, आणि तेव्हा सीमेपलीकडून काम करावे लागते. म्यानमारने प्रवेश नाकारल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत आणि इतर देशांत जाऊन ८७५ सविस्तर साक्षी घेतल्या, उपग्रहचित्रांवर जळालेली गावे पाहिली आणि २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. प्रत्यक्ष घटनास्थळी पाऊल न ठेवताही भक्कम काम करता येते, फक्त आपण तिथे गेलो नव्हतो हे अहवालात पहिल्याच पानांत सांगावे लागते.

स्थानिक सहकारी, दुभाषे आणि गाडीचालक यांना धोका अधिक असतो, कारण परदेशी माणूस निघून जातो आणि ते तिथेच राहतात. साक्षीदारांची खरी नावे आणि साक्षींचा मजकूर कधीही एकाच फाइलमध्ये, एकाच फोनमध्ये किंवा एकाच वहीत ठेवू नये. साक्षीवर सांकेतिक क्रमांक टाकावा आणि क्रमांकांची यादी कूटबद्ध स्वरूपात देशाबाहेर असावी. नाक्यावर फोन तपासला जाईल असे गृहीत धरूनच सकाळी निघावे. अहवालात श्रेय द्यायचे की नाव लपवायचे, हे सहकाऱ्याने ठरवावे, आपण नव्हे.

लिहिण्याची पद्धत

बातमीची भाषा सोडणे अनेकांना कामाच्या सुरुवातीच्या काळात फार जाचक वाटते. विशेषणे कमी करावी लागतात आणि प्रत्येक वाक्याला तळटीप द्यावी लागते. ‘आम्ही पाहिले’, ‘तीन प्रत्यक्षदर्शींनी सांगितले’, ‘रुग्णालयाच्या नोंदीत आढळले’ आणि ‘यावरून आमचा निष्कर्ष असा’ ही चार प्रकारची वाक्ये कधीही एकमेकांत मिसळू नयेत. ‘वंशसंहार’ हा शब्द एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या विशिष्ट हेतूचा पुरावा असल्याशिवाय वापरू नये, मग समोर दिसलेली क्रूरता कितीही मोठी असो. आरोप असलेल्या पक्षाला प्रश्नांची लेखी यादी पाठवून उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी आणि आलेले उत्तर अहवालात न्याय्य रीतीने मांडावे. त्या यादीत आणि अहवालात साक्षीदार ओळखू येईल असा एकही तपशील जाणार नाही, याची दोन वेगळ्या माणसांकडून तपासणी करून घ्यावी. एखाद्या लहान गावात ‘तीन मुलींचा शिक्षक असलेला बाप’ एवढ्यावरूनही माणूस सापडतो. शिफारशी लिहिताना ‘सर्व संबंधितांनी हिंसा थांबवावी’ असे मोघम लिहू नये. कोणत्या मंत्रालयाने कोणता आदेश काढावा, कोणत्या देशाने कोणत्या शस्त्रांची विक्री थांबवावी, इतके नेमके लिहावे. आणि कायदेतज्ज्ञ, प्रदेशतज्ज्ञ व संपादक यांच्या हातांखालून मजकूर जायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, हे आधीच मान्य करावे.

दुसऱ्यांच्या वेदना रोज ऐकण्याचा परिणाम वार्ताहरावर आधीच झालेला असतो. संशोधनात तो साचतो, कारण इथे एकच घटना अनेकांच्या तोंडून, बारकाव्यांसह, सलग कित्येक आठवडे ऐकायची असते आणि चित्रफिती थांबवून थांबवून पाहायच्या असतात. झोप उडणे, चिडचिड, साक्षीदारांविषयी अचानक येणारा कोरडेपणा ही लक्षणे दिसताच काम हलके करून मागावे. कोरडेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो साक्षीदाराला लगेच जाणवतो.

प्रत्यक्ष सुरुवात

बहुतेक जण पूर्णवेळ पदाऐवजी एखाद्या अहवालापुरते सल्लागार म्हणून सुरुवात करतात, आणि ते शहाणपणाचे आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांची पारख होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगांतील पदांना साधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते. ‘जस्टिस रॅपिड रिस्पॉन्स’सारख्या यंत्रणा प्रशिक्षित तपासनीसांची यादी ठेवतात. पत्रकारिता पूर्ण न सोडता या कामाशी जोडून घेण्याचाही मार्ग आहे: युद्धवार्ताहर जनीन दि जोव्हानी यांनी २०२२ मध्ये सहकाऱ्यांसह सुरू केलेल्या ‘द रेकनिंग प्रोजेक्ट’मध्ये युक्रेनमधील पत्रकारांना न्यायालयात टिकेल अशा रीतीने साक्षी नोंदवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. तुम्हाला येणारी भाषा आणि त्या प्रदेशात तुमच्याविषयी असलेला विश्वास, या दोन गोष्टी पदवीपेक्षा अधिक वजनदार ठरतात, म्हणून ज्या प्रदेशात आयुष्य काढले तिथेच आधी प्रयत्न करावा.

अर्जासोबत गाजलेल्या बातम्यांची कात्रणे पाठवून फारसे साधत नाही. त्यापेक्षा स्वतः वार्तांकन केलेली एक घटना निवडावी आणि ती पाच-सहा पानांच्या टिपणात नव्याने लिहावी. सुरुवातीला कार्यपद्धती लिहावी: किती जणांशी बोललो, त्यांपैकी प्रत्यक्षदर्शी किती, कोणत्या ठिकाणी जाता आले नाही. मग तासागणिक घटनाक्रम, प्रत्येक दाव्याचा आधार, त्याला छेद देणारी माहिती, लागू होणारा नियम, जबाबदारीच्या साखळीविषयी जे कळले ते, आणि शेवटी अजून कोणाकोणाशी बोलायला हवे त्याची यादी. सर्व नावे बदलावीत आणि बदलली आहेत असे नमूद करावे. निवड करणारे सहसा त्या शेवटच्या यादीवर सर्वांत जास्त प्रश्न विचारतात, तेव्हा ती लिहायला सर्वांत जास्त वेळ द्यावा.